तोंड छताकडे

नाही हो, वळून बघता येणार नाही मला — तोंड छताकडेच ठेवायचंय — डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडलाय ना, तो वर येऊन फाटलेला पापुद्रा दाबून धरतो, मी कुशीवर वळले की तो सरकणार. बसा ना पुष्कर, हिंजवडीहून इतक्या ट्रॅफिकमधून आलात. दुखतंय का? नाही. काहीच होत नाहीये. कसं झालं म्हणता — सातवीचा तास चालू होता, अपूर्णांक — एकदम कळ आली आणि फळाच दिसेना, डोळ्यात कुणी दूध ओतावं तसं — पहिल्या बाकावरची संस्कृती ओरडली, "मॅडम, तुमचा डोळा पांढरा झालाय!" मी म्हटलं, तू गणित सोडव. खरंच, असंच म्हटलं. मग हडपसरहून रिक्षाने थेट इथे. माझं बुबुळ शंकूसारखं पुढे येतंय हे तुम्हाला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं — आठवतंय ना? — त्याचाच आतला पापुद्रा फाटला, डोळ्यातलं पाणी आत शिरलं, बुबुळ सुजलं. टाकेही घातलेत. सूज उतरेल म्हणतात, डाग राहील. मग पुढे कधीतरी नेत्रदानातलं बुबुळ बसवायचं. दुसरा डोळा? त्यालाही तोच आजार आहे.

तुमच्या आई येऊन गेल्या सकाळी. डाळिंबं घेऊन. "मुलांना होतं का गं हे?" — म्हटलं, होऊ शकतं. मग सोलत बसल्या, बराच वेळ. चांगल्या आहेत हो, मनापासून सांगते. साखरपुडा पुढे ढकलू म्हणाल्या — पुढे म्हणजे कधी, ते नाही म्हणाल्या. आणि तुम्हीही तेच सांगायला आलात ना? चेहरा दिसत नाहीये मला तुमचा, तोंडाने बोलायला हवं.

बरं, मीच बोलते. ऑपरेशनला नेलं तेव्हा वाटलं, डोळा जाईल, शाळा जाईल — घाबरून नर्सला दोनदा विचारलं, दिसेल ना. मग आठवलं, लग्नही मोडेल — आणि काही वाटलंच नाही. वाईट नाही, बरंही नाही. तुमचा चेहरा आठवून बघितला, तरीही नाही — हे कशाला बोलले मी. अहो, रडताय का? म्हणजे तुम्ही मोडायला आलाच नव्हतात. मग आता मीच मोडते. आईंना तसंच सांगा, तिने मोडलं म्हणून. हात सोडा, पुष्कर. नाही, सलाईनची सुई दुखत नाहीये. तरी सोडा. जाताना दार ओढून घ्या.