दाजी आणि स्टेरिंगची पेटी

आमचं गाव शिंदखेड्याकडचं, बाप लोहार, आजा लोहार, बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवायची आणि आसाला वंगण घालायचं हेच आमच्या घरात चाललेलं, आणि ते वंगण बी घरचंच, जाळलेल्या काडाची राख एरंडेलात खलून केलेलं, काळंभोर, त्याचा वास हाताला लागला की भाकरीला बी लागायचा. बाप म्हणायचा, लोखंड खोटं बोलत नाही, माणूस बोलतो. ते माझ्या डोक्यात असं बसलं ना भाऊ, की पुढं धुळ्यात एका शेठच्या मोटारींवर मिस्तरी झालो तरी माणसावर माझा भरोसा कधी बसला नाही. दुसऱ्यानं आवळलेला बोल्ट मी पुन्हा आवळणार. दूधवाल्याच्या लोट्यात आधी बोट घालणार. लोक हसायचे, म्हणायचे सुकलाल मिस्तरी स्वतःच्या सावलीला बी नाव-गाव विचारतो.

आमचे दाजी, नथू दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या अक्काचे मालक, त्याच शेठच्या सर्व्हिस मोटारीवर, म्हणजे उतारूंच्या गाडीवर, ड्रायव्हर. आधी मोहाची प्यायचे. मग पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सोडली. बठ्ठ्यांनी, साऱ्या घरादारानं मानलं, मी नाही मानलं. काय सांगू तुम्हाला, त्यांच्याकडं जेवायला गेलो तरी माझं नाक त्यांच्याकडंच.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांतली गोष्ट. सकाळची फेरी, शिंदखेड्याकडून येताना मोरीजवळच्या वळणावर मोटार वळलीच नाही, सरळ जाऊन बाभळीला धडकली, एका म्हातारीचा हात मोडला. मी पोचलो तर ही गर्दी, आणि दाजी कडेला बसलेले. मला बघून म्हणाले, सुकलाल, चाक वळनंच नही रे, मी पेयेल नव्हतू, तुन्ही आन. आणि मी काय केलं, सांगायला आजबी लाज वाटते, एवढ्या लोकांसमोर मी त्यांच्या तोंडाशी नाक नेलं आणि हुंगलं. थोरल्या बहिणीचा नवरा, ज्याच्या पाया पडायचं त्याचं तोंड हुंगलं. ओव्याचा वास आला. मनात म्हटलं, बघा, दारूचा वास मारायला ओवा चघळला. दाजी एवढंच म्हणाले, तू माले हुंगस? आणि मान खाली घातली ती वर केलीच नाही.

शेठ म्हणाला, मोटार बिघडली का माणूस बिघडला ते तू सांग, फौजदारापुढं मी तुझाच शब्द ठेवणार. माणूस म्हटलं की दाजींचं लायसन जाणार, वर तुरुंग. दुपारी अक्का धुळ्याच्या देवपुरातून चालत आली, दारातच उभी राहिली, आत काही आली नाही. म्हणाली, भाऊ, तुले दाजीना भरोसा नही ते माले माहीत शे, पन लोखंडले तरी नीट इचार.

मोटार बैल लावून ओढून आणलेली. पुढची बाजू जॅकवर उचलली. स्टेरिंग फिरवलं तर पाव फेरा नुसतंच फिरलं, चाकं हलेनात, आणि पुढं जे अडकलं ते दोन्ही हातांनी हलेना. म्हटलं शेठनं जुना माल घातला असणार. का दुसऱ्या ड्रायव्हरनं काही केलं? एकेक चाक धरून हलवलं, ढिलं नाही. खालचे दांडे बघितले, एक वाकलेला, पण तो बाभळीचा मार, ताजा, चकचकीत. राहिली ती पेटी. स्टेरिंगच्या दांड्याला खाली मळसूत्रासारखे आटे असतात, त्यात दाते बसतात आणि तेच चाकं वळवतात, ते सगळं या पेटीत.

झाकण काढलं आणि दिसायच्या आधी वास आला. एरंडेलाचा.

दोन दाते तुटलेले, एक तुकडा आट्यात रुतून बसलेला, बाकीचे झिजून बारीक झालेले, आणि बोटाला कचकच. भाऊ, ते वंगण माझंच होतं. लढाईत ग्रीस मिळेना म्हणून मीच घरी खलून भरलं होतं, आणि वर मिशीला ताव देऊन सांगितलं होतं, बापाचं वंगण आहे, ग्रीसच्या बापाला ऐकत नाही. बैलगाडीच्या आसाला राख चालते. पेटीत ती रेतीसारखी दाते खात बसली होती.

हातात चिंधी होती. खोटं कशाला बोलू, पुसायला खाली नेली बी. दाते म्हातारे झाले म्हणालो असतो तर मी बी सुटलो असतो. पण मी संशयी माणूस, दुसऱ्याचा संशय मला आधी कळतो. शेठ म्हणणार, मेव्हण्याला वाचवायला मिस्तरीनंच दाते फोडले. पुसलेली पेटी कोणी मानली नसती, दोष स्वतःवर घेतला तरच मानणार. माझ्या बहिणीचं घर त्या काळ्या चिखलावर उभं होतं. चिंधी फेकली, शेठला बोलावलं, फौजदाराला बोलावलं, पेटी तशीच दाखवली आणि म्हटलं, बोट घाला, ही राख माझ्या चुलीची आहे.

दाजी सुटले. शेठ मला म्हणाला, दुसरी पेटी बसव आणि चालू लाग. चाळीसगावला एका मोडक्या लॉरीची पेटी मिळाली, ती चार वेळा खोलून बघितली, मग चढवली. स्टेरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजले, बरोबर निम्म्यावर आणलं, चाकं सरळ धरली आणि दांडा आवळला. पुन्हा आवळला. मग हात धुतले आणि निघालो. ओवा दाजींना अक्कानंच दिला होता, पोट दुखत होतं म्हणून. हे मला नंतर कळलं.

आता देवपुरात निंबाखाली माझी स्वतःची टपरी आहे. दाजी मोटार माझ्याकडंच आणतात, दुसरीकडं नेत नाहीत. पण काम झालं की उतारू बघत असताना पेटीचं बूच काढतात, आत बोट घालतात आणि हुंगतात. मी बाजूला उभा राहतो, मान खाली घालून. हुंगा दाजी, म्हणतो, नीट हुंगा. देव त्यांचं नाक शाबूत ठेवो.