परागनं दाखवलेली ब्रिटनी

(मीरा रोड, सिल्व्हर पार्कमधला फ्लॅट. फ्रान्सच्या समुद्रकाठी, ब्रिटनीत राहणाऱ्या मुलाकडून विमलाबाई कालच परतल्यात आणि बॅग उपसतायत. समोर मुलगी क्षितिजा.)

विमलाबाई : ...आणि हे मीठ. पुड्या करून बिल्डिंगमध्ये वाटायचंय.

क्षितिजा : आई, फ्रान्सहून मीठ? मीरा-भाईंदरला?

विमलाबाई : तुझ्या दादानं घेऊन दिलं. मिठागरं दाखवायला नेलं होतं, तिकीट काढून! म्हटलं, अरे पराग, खाडीकडची मिठागरं बघत संसार केला मी, कुणी कधी तिकीट मागितलं नाही. तर म्हणे, इथे आल्यावर हे बघतातच.

क्षितिजा : अजून काय काय बघितलंस?

विमलाबाई : काय नाही ते विचार. दीपगृहं तर इतकी, की शेवटी शेवटी मी गाडीतूनच नमस्कार करायला लागले. मग एक बेट. ओहोटीला चालत जायचं, भरती आली की अडकून बसायचं. लोक हौसेनं अडकतात. मग ते दगड.

क्षितिजा : कसले दगड?

विमलाबाई : उभे. रांगाच्या रांगा. कुणी रोवले, कशाला, कुणाला पत्ता नाही. आपल्या काशीमीऱ्याला रस्त्याच्या कामाचे ठोकळे पडलेत ना, तसेच. फक्त त्यांना कुंपण आहे आणि गाइड आहे.

क्षितिजा : आई, ते हजारो वर्षांपूर्वीचे आहेत!

विमलाबाई : आपलेही होतील.

क्षितिजा : बरं, खाण्याचं अॅडजस्ट झालं का?

विमलाबाई : घावनं खाल्ली. आपली पांढरी, त्यांची काळपट, वर अंडं फोडलेलं. रत्नागिरीची मी, एवढं विमानानं जाऊन घावन खाऊन आले.

क्षितिजा : आणि... दादाचं घर?

विमलाबाई : घराला रंग चाललाय.

क्षितिजा : हो, बोलला होता तो मला. म्हणून तर तुला हॉटेलात ठेवलं ना?

विमलाबाई : महिनाभर रंग! तेवढ्यात आपली अख्खी बिल्डिंग रंगते. रोज सकाळी हॉटेलच्या दारात गाडी हजर. 'चल आई, आज अजून एक किल्ला.' एकदा म्हटलं, पाय दुखतायत रे, तुझ्याकडे नुसती बसते. तर मला बोटीत बसवलं.

क्षितिजा : पण सुट्टी काढून फिरवलं ना त्यानं? हल्ली कोण करतंय एवढं?

विमलाबाई : कोणी नाही. शेवटी शेवटी बाजारात गेलो. हा मासे बघत होता. तेवढ्यात एक चिमुरडा गर्दीतून सुसाट आला, याच्या पायाला मिठी मारली आणि ओरडला, 'पापा!'

क्षितिजा : (घाईनं बॅगेतले कपडे काढायला लागते.)

विमलाबाई : महिनाभर त्या भाषेतलं अक्षर कळलं नव्हतं मला. तेवढं कळलं.

क्षितिजा : मग? दादा काय म्हणाला?

विमलाबाई : 'मित्राचा मुलगा आहे.' मागून त्याची आई धावत आली. मला बघून पांढरीफटक पडली. मुळात गोरी, आणखी किती पांढरी पडणार, पण पडली बिचारी.

क्षितिजा : आणि तू?

विमलाबाई : म्हटलं, मित्र नशीबवान आहे तुझा. पर्समध्ये चकल्या होत्या, एक दिली पोराला. कुडुमकुडुम खाल्ली आणि दुसरीसाठी हात पुढे. तुझे बाबा गेले, पण कान तिकडे ठेवून गेले गं.

क्षितिजा : खरंच? व्हिडिओ कॉलवर तेवढं कळत नाही...

विमलाबाई : व्हिडिओ कॉलवर.

क्षितिजा : आई, ऐक ना. तूच बोलली होतीस, गोरी सून आणलीस तर तोंड बघणार नाही. टेन्शन घेतलं त्यानं.

विमलाबाई : म्हटलं असेन. त्या वर्षी शुगर वाढली होती माझी.

क्षितिजा : मग तिथेच का नाही विचारलंस त्याला?

विमलाबाई : स्वतःचं दार लपवायला पोरानं मला एवढा मुलूख हिंडवला. त्याच्या मेहनतीवर कशाला पाणी ओतू? विमानतळावर विचारत होता, आई, काही बघायचं राहिलं का? म्हटलं, नाही रे बाबा, सगळं बघून झालं. रडला मग. मी म्हटलं, वारा फार आहे तुमच्याकडे.

क्षितिजा : आता फोन लावू त्याला?

विमलाबाई : लाव. आधी पोराचं नाव सांग.

क्षितिजा : लूक.

विमलाबाई : लूक. बरं... आणि घरात काय हाक मारतात?