धोका कोणापासून

साहेब : हात काढा कागदावरून.

चष्मेवाले : सही तळाला करायचीय, साहेब. माझा हात मध्यावर आहे. तुमच्या पेनाच्या वाटेत तो येतोय कुठे?

साहेब : न वाचता मी सही करत नाही. उभी हयात विम्याचे दावे तपासण्यात गेली माझी. दुकान जळायच्या आदल्या दिवशी टपालात पडलेला आगीचा दावा मी या डोळ्यांनी पाहिलाय.

चष्मेवाले : म्हणून तर जिना चढून तुमच्याकडे आलो. सकाळी काउंटरवरची बाई म्हणाली, वागणुकीची हमी द्यायला शेजारी हवा. त्याच इमारतीतला, जुन्या ओळखीचा. मी म्हटलं, बाई, इमारत म्हणजे काय, खाली माझं चष्म्याचं दुकान, दुकानामागे आमचं बिऱ्हाड, वर एक साहेब आणि मध्ये जिना. ती म्हणाली, जिना चालणार नाही. साहेब आणा.

साहेब : अर्ज कशाचा आहे?

चष्मेवाले : परवान्याचा.

साहेब : कशाच्या परवान्याचा?

चष्मेवाले : आपला हा... संरक्षणाचा.

साहेब : चष्मेवाले.

चष्मेवाले : पिस्तुलाचा. लहानसंच आहे हो. रुमालाशेजारी खिशात मावेल एवढं.

साहेब : तुम्हाला पिस्तूल? मागे माझ्या चष्म्याच्या दांडीचा स्क्रू पिळताना तुम्ही स्क्रू-ड्रायव्हर माझ्या कानात घातला होतात.

चष्मेवाले : ती गोष्ट वेगळी. स्क्रू-ड्रायव्हरला परवाना लागत नाही, त्यामुळे माणूस बेफिकीर राहतो. आज शेवटचा दिवस आहे अर्ज द्यायचा, साहेब. नाहीतर पुन्हा सगळं पहिल्यापासून. फोटो पुन्हा, बोटांचे ठसे पुन्हा. ठशांची शाई आमच्या हिच्या चादरीवर उतरली, तेव्हापासून घरात मला वेगळीच वागणूक आहे.

साहेब : मग हात काढा.

(चष्मेवाले हात काढतात. साहेब वाचतात. आधी नुसतेच, मग चष्मा लावून.)

साहेब : रकाना अकरा. ‘जीवितास धोका कोणापासून.’ इथे मी आहे.

चष्मेवाले : कुठे?

साहेब : ‘वरच्या मजल्यावरील इसम.’ इमारतीला वरचा मजला एकच आहे.

चष्मेवाले : गच्ची धरली तर दोन होतात.

साहेब : गच्चीवर कबुतरं राहतात.

चष्मेवाले : त्यांचाही हल्ली काही भरवसा देता येत नाही.

साहेब : म्हणजे मी लिहून द्यायचं, की हा गृहस्थ शांत आहे, सरळ आहे, याला पिस्तूल बेलाशक द्या. आणि ते पिस्तूल माझ्यासाठी.

चष्मेवाले : तुमच्यासाठी म्हणजे काही लगेच नाही. वेळ आली तर.

साहेब : हे घेऊन वर येताना तुम्हाला काही वाटलं नाही?

चष्मेवाले : वाटलं ना. आमची ही म्हणाली, ज्याच्यापायी अर्ज करताय त्याचीच सही मागायला निघालात, तुम्हाला जनाची नाही तर मनाची तरी? मी म्हटलं, अगं, दुसरा शेजारी आणू कुठून? भाड्याने घेऊ? आणि खरं सांगायचं तर तुमची सही पाहिली की पुढे कुणी शंकाच घेत नाही. तुमचा लौकिकच तसा. स्वतःच्या सावलीकडे ओळखपत्र मागणारा माणूस म्हणतात तुम्हाला.

साहेब : कोण म्हणतं?

चष्मेवाले : मीच म्हणतो. पण सगळे हसतात.

साहेब : कारणं बघू. ‘एक. सदर इसम जिन्यात भेटल्यास हसतो.’

चष्मेवाले : हसता तुम्ही.

साहेब : ‘दोन. माझ्या गुडघ्याची चौकशी करतो. तीन. कॉफीला बोलावतो.’ चष्मेवाले, एवढ्यावर गलोलीचाही परवाना मिळणार नाही.

चष्मेवाले : तुम्हाला कागदावर ते साधं दिसतं. पण आधीचं आठवा. आपलं किती वर्षं छान वाकडं होतं. टाकीच्या पाण्यावरून, जिन्यातल्या दिव्यावरून. माझ्याच दुकानातलं भिंग मागून घेऊन माझंच बिल तुम्ही त्याखाली धरायचात. मी म्हटलं, गुडघा दुखतो म्हणून जिना झाडता येत नाही, तर म्हणालात, कोणता गुडघा, आणि लगेच, परवा तर दुसरा सांगितला होतात. माणूस असा असला की बरं असतं. कुठे उभं राहायचं ते कळतं. आणि एके दिवशी एकदम गोड. वाघ गुरगुरतोय तोवर ठीक असतं हो. तो मांडीवर डोकं ठेवायला लागला की आपण मांडी मोजून ठेवावी.

साहेब : ‘हसतो’ खोडा.

चष्मेवाले : का?

साहेब : मसुदा कच्चा आहे. त्या जागी लिहा, ‘सदर इसमाच्या वर्तनात अचानक व अकारण बदल झाला आहे.’ अधिकाऱ्यांना ‘अकारण’ हा शब्द आवडतो. कारण शोधायची जबाबदारी अंगावर येत नाही.

चष्मेवाले : अकारण. लिहिलं. थांबा. तुम्ही मला मदत करताय?

साहेब : कच्चा कागद मला बघवत नाही, मग तो कोणाविरुद्ध का असेना. पुढे. निदान एक प्रसंग हवा. मी तुम्हाला कधी धमकी दिली आहे?

चष्मेवाले : धमकी अशी नाही.

साहेब : दिली असती तर सोपं झालं असतं. आता देऊ का?

चष्मेवाले : कशी?

साहेब : ‘बघून घेईन’ म्हणतो. जुनं आहे, पण नियमात बसतं.

चष्मेवाले : नको. तुम्ही म्हणाल आणि मी खाली जाऊन खरंच घाबरेन.

साहेब : मग आत्ता काय हौस म्हणून पिस्तूल मागताय?

चष्मेवाले : आत्ता नुसता संशय आहे. संशयात झोप लागते. भीतीत लागत नाही.

साहेब : रकाना चौदा. ‘शस्त्र ठेवण्याची जागा.’ तुम्ही लिहिलंय, ‘गल्ल्याचा खण, चष्म्यांच्या रिकाम्या पेट्यांखाली.’ हे तर पहिल्या फटक्यात फेटाळतील. भिंतीत पक्की केलेली लोखंडी तिजोरी लागते.

चष्मेवाले : ती कुठून आणू?

साहेब : या इमारतीत एकच आहे. आतल्या खोलीत. माझी.

चष्मेवाले : म्हणजे पिस्तूल तुमच्याकडे ठेवायचं?

साहेब : नियमाप्रमाणे.

चष्मेवाले : आणि तुमच्यापासून धोका उद्भवला तर?

साहेब : वर यायचं, बेल वाजवायची. मी किल्ली देईन.

चष्मेवाले : तुम्ही झोपला असाल तर?

साहेब : मी झोपलो असेन तर धोका कसा उद्भवेल?

चष्मेवाले : हे बरोबर आहे. पण काहीतरी चुकतंय यात. काय ते मला घरी जाऊन कळेल.

साहेब : कारणं तीनच आहेत?

चष्मेवाले : तीनच. म्हणजे पुढच्या बाजूला तीन.

साहेब : कागद उलटा करू?

चष्मेवाले : नका करू. सही पुढच्याच बाजूला आहे.

साहेब : ‘चार. सदर इसमाची पत्नी दिसेनाशी झाली आहे.’

चष्मेवाले : अक्षर माझं नाही ते.

साहेब : दिसतंय. तुमचे काने असे सरळ नसतात.

चष्मेवाले : आमच्या हिने लिहिलं. ती म्हणाली, मूळ गोष्ट लिहायची सोडून गुडघ्याचं काय रडत बसलात. रागावू नका, साहेब. पण तुम्हीच सांगा, आम्ही काय समजायचं? वहिनी रोज संध्याकाळी खाली हिच्याशी दोन शब्द बोलायच्या. एकदम बंद. निरोप नाही की काही नाही. त्याच सुमाराला तुम्ही हसायला लागलात. आणि मग तो गालिचा.

साहेब : कोणता गालिचा?

चष्मेवाले : गुंडाळलेला. दोन हमालांनी खांद्यावरून जिन्याने उतरवला. आम्ही दाराच्या फटीतून बघितलं. ही माझा दंड धरून होती. अजून वळ आहे.

साहेब : गालिचा तिचा होता. तिने मागवून घेतला.

चष्मेवाले : आत कोणी नव्हतं?

साहेब : चष्मेवाले, हमाल गाणं म्हणत उतरत होते.

चष्मेवाले : त्याचाही आम्ही विचार केला. ही म्हणाली, हात चांगला ओला झाला की माणूस कशाखालीही गातो.

साहेब : असं म्हणाल्या?

चष्मेवाले : साहेब, मी साधा चष्मे विकणारा माणूस. लोकांना जवळचं दिसत नाही, लांबचं दिसत नाही, एवढंच मला कळतं. आता सरळ विचारतो. तुम्ही त्या बाजूच्या खुर्चीवर राहा, मी दाराजवळ आहे. वहिनी कुठे आहेत?

साहेब : बहिणीकडे.

चष्मेवाले : कधी येणार?

साहेब : येणार नाही.

चष्मेवाले : भांडण झालं?

साहेब : भांडणाला दोन माणसांनी बोलावं लागतं. ती दुपारच्या गाडीने येते म्हणाली होती आणि संध्याकाळी आली. म्हणाली, गाडी चुकली. मी तिकीट मागितलं. तिने दिलं. मी वेळापत्रक काढलं आणि तिकीट त्याच्याशी ताडून बघितलं. जुळलं. मी तिला सांगितलंसुद्धा की जुळतंय. मला वाटलं, बरं वाटेल तिला.

चष्मेवाले : अरे देवा.

साहेब : ती म्हणाली, इतक्या वर्षांत माझं एक वाक्य तुम्ही जसंच्या तसं घेतलं नाहीत. डोकं दुखतंय म्हटलं, तर कपाळाला हात लावायच्या आधी तुम्ही थर्मामीटर आणायला गेलात. आता मला नुसतं ‘हो का’ म्हणणारं कोणीतरी हवंय. तिच्या बहिणीला कमी ऐकू येतं. ती सगळ्यालाच ‘हो का’ म्हणते.

चष्मेवाले : तुम्ही अडवलं नाहीत?

साहेब : परत येणार नाही म्हणाली. ते खरं आहे का, हे तपासत बसलो. खरं निघालं.

चष्मेवाले : मग हे हसणं, गुडघा, कॉफी?

साहेब : सवय करतोय. समोरचा जे सांगेल ते ऐकायचं आणि तसंच ठेवायचं. उलटून प्रश्न नाही. पण सरावाला माणूस लागतो, आणि इमारतीत तुम्ही आहात. मी गुडघ्याचं विचारतो, तुम्ही म्हणता, ठणठणीत आहे. नंतर मी वरून बघतो, तर तुम्ही कठड्याला लटकून एकेक पायरी उतरत असता. तरी मी मानतो की ठणठणीत आहे. फार जड जातं.

चष्मेवाले : आणि हसता कशाला?

साहेब : प्रश्न घशापर्यंत आला की हसतो. तोंड गुंतवून ठेवायला दुसरा उपाय सापडला नाही.

चष्मेवाले : फार भयंकर दिसतं ते, साहेब.

साहेब : आरशात पाहिलंय मी.

चष्मेवाले : हे मला आधी सांगायचंत. आमच्या हिने दोन महिने दाराला स्टूल लावून ठेवलंय. रोज सकाळी अडखळतो मी. गुडघा त्यानेच जास्त झालाय.

साहेब : सांगितलं असतं तर तुम्ही मानलं असतंत?

चष्मेवाले : नसतं मानलं. आत्ताही... म्हणजे बघा, माझं काही नाही. पण खाली गेल्यावर ही विचारणार. बहीण खरी आहे का, ऐकू खरंच कमी येतं का. बहिणीकडे फोन असेल ना?

साहेब : आहे. नंबर लिहून देतो. बोलून घ्या. गालिच्याचंही विचारा.

चष्मेवाले : द्या. हं.

साहेब : दोनदा तपासून लिहिलाय. घ्या.

चष्मेवाले : नको.

साहेब : का?

चष्मेवाले : राहू द्या. बहिणीकडे आहेत म्हणालात ना तुम्ही?

साहेब : म्हणालो.

चष्मेवाले : मग झालं.

साहेब : तुमच्या घरी काय सांगाल?

चष्मेवाले : बोललो म्हणून सांगेन फोनवर. तब्येत उत्तम आहे, गालिचा नीट पोचला. तिने मानलं तर मानलं. नाहीतर बसेल माझा आवाज ताडून बघत.

साहेब : कागद इकडे करा. ‘अर्जदार सरळमार्गी आहे काय?’ आहे. ‘अर्जदार खोटे बोलत असल्याचे आढळले आहे काय?’

चष्मेवाले : तिथे जरा बेताने लिहा.

साहेब : नाही. ‘आढळले नाही’ लिहिलं. ही सही. तारीख घातली. खाली कंसात ‘वरच्या मजल्यावरील इसम’ लिहितो, म्हणजे हमीदार आणि धोका त्यांना दोन ठिकाणी शोधावे लागणार नाहीत. आता निघा. वाटेत गर्दी असते या वेळी.

चष्मेवाले : सही झोकदार आहे तुमची.

साहेब : निघा, चष्मेवाले. आज शेवटचा दिवस म्हणालात.

चष्मेवाले : म्हणालो खरा. पण आज ते कार्यालय बंद असतं.

साहेब : बुधवारी?

चष्मेवाले : हो.

साहेब : सकाळीच तर त्या बाईंनी तुम्हाला...

चष्मेवाले : सकाळी उघडं होतं. नंतर बंद होतं. बुधवारी त्यांचं तसंच असतं.

(साहेब हसतात.)

चष्मेवाले : हसू नका हो असं, कसंतरीच होतं.

साहेब : बंद असतं, तर बसा मग थोडं.