गिरणीतली एकच अडचण

आमच्या बीएससी आयटीच्या शेवटच्या वर्षाचं सांगते. शहापूरजवळच्या एका भातगिरणीसाठी नंबर लावायचं अ‍ॅप करायचं, असं मी आणि माझ्या मैत्रिणीने, सुषमाने, ठरवलं. ब्लॅक बुकमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या काळ्या बाइंडिंगच्या रिपोर्टमध्ये, 'सध्याच्या पद्धतीतल्या अडचणी' असं एक पान लागतं. ते रिकामं असलं तर सर विषयच मंजूर करत नाहीत.

गिरणीवाले बबनकाका म्हणाले, "अडचण कसली? लोक गोणी रांगेत ठेवतात नि घरी जातात. गोणी पुढं सरकली की नंबर आला."

"अ‍ॅपवर घरबसल्या नंबर लागेल, काका."

"मग गोणी कोण आणील?"

तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी मी हात जोडले. "काका, एक तरी अडचण सांगा."

त्यांनी गिरणी बंद केली. "एक हाय. दोन पोरी रोज येतात नि कामाच्या टायमाला डोकं खातात. लिवा तसं."

आम्ही लिहिलं, 'कामाच्या वेळेत बाहेरच्या व्यक्तींचा अनावश्यक वावर.'

सरांनी वाचलं नि शांतपणे सही केली. म्हणाले, "बघा, स्वतः जाऊन विचारलं की असे खरे मुद्दे सापडतात."