मेलेल्याचं काम

माझं नाव अनंत, गावात अंत्या म्हणतात आणि हितं सौदीत राबिघमधी कंपनीत सगळे आनंद म्हणतात, ते काय त्यांच्या तोंडाला बसलं तसं बसलं, मी पण कधी सुधारलं नाय. आमचं गाव गुहागर तालुक्यात, घरापासनं समुद्र दिसत नाय पण वारा आला की आवाज येतो. तुमी पुण्याचे साहेब, तुमाला आमचं नमन ठाऊक नसंल. शिमग्यात देवीची पालखी सहाणेवर, म्हंजे तिच्या चौथऱ्यावर येती, तवा आमच्याकडं रात्रभर खेळ चालतो, गण, गौळण, मंग वग, आणि त्यात संकासूर असतो. अंगात काळा झगा, तोंडावर काळा मुखवटा, पांढरी दाढी, कमरंला घुंगरं. तो संकासूर आमच्या घरचा. म्हंजे मान आमचा, दुसऱ्या कोणी नाचायचा नाय. माझा आजा नाचला, मंग बापूस नाचला, आणि पुढं मी.

पण त्यात एक असतं. पहिल्यांदा नाचायचं तवा कमरंची घुंगरं आपली आपण बांधायची नाय, बापसाने आपल्या हाताने बांधायची, पालखीसमोर, सगळ्या गावादेखत. ती बांधली की मान तुझ्याकडं आला. नाय बांधली तर मान भावकीत जातो. मी पोरगा असल्यापासनं वगात काम केलं, कधी प्रधान, कधी शिपाई, मिशी फुटायच्या आधी गौळण सुद्धा केली, सगळे म्हणायचे अंत्याच्या अंगात खेळ हाय. पण संकासूर बापसाचा व्हता आणि बापूस धडधाकट व्हता, तवा मी म्हटलं घाई काय हाय, आणि सौदीला आलो स्कॅफोल्डिंगच्या कामाला. परांची बांधायची, पाइप आणि फळ्या. खेळात उड्या मारलेल्या, उंचीची भीती कधी वाटलीच नाय.

आता काय सांगू तुमाला, रिफायनरीचं शटडाऊन येतं ते नेमकं शिमग्याच्या टायमाला. प्लांट बंद, सगळी दुरुस्ती तवाच, आणि परांची बांधल्याबिगर कोण वर चढणार, म्हंजे आमाला सुट्टी नाय. पासपोर्ट कंपनीकडं, त्यांनी एक्झिट रि-एंट्री, म्हंजे जाऊन परत यायचा कागद दिला तरच जायचं. गणपतीत जा म्हणायचे, गणपतीत मी गेलो पण. पण घुंगरं गणपतीत बांधत नाय ना. दरवर्षी बापूस फोनवर म्हणायचा, या साली तरी येतोस काय, आणि मी म्हणायचो पुढल्या साली बाबा, आणि तो म्हणायचा बरं, तवर मी नाचतो. त्याचे गुडघे गेले तरी नाचला. आयस फोनवर रडायची, म्हणायची शिमगा झाला की चार दिवस खाटेवरनं उठत नाय, पण तुझ्यासाठी धरून ठेवलाय त्याने.

मंग ते सिनेमाचं झालं. सौदीत आता शूटिंगला परदेशातले लोक येतात, तर वर वाळवंटात एका कंपनीला किल्ला उभा करायचा व्हता, लाकडाचा आणि प्लास्टरचा, आतनं सगळा आमच्या परांचीवर. राबिघहून आमाला काही जणांना तिकडं पाठवलं. तिथं तो म्हातारा भेटला. आयरिश. नाव मोठं हाय त्याचं, मी घेत नाय. सिनेमात तो राजा व्हता.

तो दुपारचा आमच्या फळ्यांवर येऊन बसायचा, हातात पुदिना घातलेला चहा, आणि बोलायचा. मला इंग्रजी कामापुरतं, पण शाजी म्हणून केरळचा एक लाईटवाला व्हता, तो हिंदीत सांगायचा. म्हाताऱ्याचं गाव पण समुद्राकाठचं, बापूस बंदरावर गोणी उतरवायचा. हा तरणा असताना नाटकवाल्यांबरोबर पळाला, एका खटारा गाडीतनं गावोगाव फिरले, शाळांमधी झोपले, पावसात प्रेक्षक सहा आणि स्टेजवर आठ असं पण नाटक केलं म्हणला. मंग मोठ्या शहरात, मंग दारू, दोन बायका सोडून गेल्या, आणि केस पिकल्यावर सिनेमावाल्यांनी उचलला, तवापासनं राजा नायतर पाद्री नायतर भूत. मी म्हटलं आमच्याकडं असा असा संकासूर असतो. त्याने सगळं इचारलं, घुंगरं कशाची, मुखवट्यातनं दिसतं कसं, लोक घाबरतात की हसतात. इतकं मला माझ्या पोरांनी कधी इचारलं नाय. बापसाचं सांगितलं तवा मात्र चहाचा ग्लास खाली ठेवला. मंग म्हणला, माझा बापूस मेला तवा मी दुसऱ्या देशात लोकांना हसवत व्हतो, मातीला गेलोच नाय.

मला सिनेमात घेतलं ते असं. राजाचा मुलगा लढाईत मरतो, तो मुलगा झालेला हिरो अजून आलेला नव्हता, त्याचं विमान नंतर. पण राजा रडतो तो सीन आधी घ्यायचा व्हता, कॅमेरा म्हाताऱ्याच्या तोंडावर, खाली नुसतं प्रेत. प्रेताचं तोंड दिसत नाय, हात आणि केस दिसतात. हिरोच्या मापाचा माणूस शोधत व्हते, म्हाताऱ्याने माझ्याकडं बोट केलं, म्हणला हा घ्या, हा नट हाय. मला नट म्हणला तो. शाजीने मला दोनदा सांगितलं ते, मी परत सांग म्हणालो म्हणून.

ज्या दिवशी तो सीन घ्यायचा व्हता त्याच सकाळी, शुक्रवार व्हता, चुलतभावाचा, सुरेशचा फोन. बाबा गेले. रात्री झोपले ते उठलेच नाय. मी म्हटलं थांबवा. तो म्हणला किती थांबवायचं अंत्या, उकाडा केवढा हाय. कंपनीचं ऑफिस गुरुवारी बंद झालेलं ते रविवारी उघडणार, त्याच्याशिवाय कागद नाय, आणि कागदाशिवाय विमानतळावर पण कोण आत घेत नाय. सुरेश म्हणला अग्नी मी देतो. मी म्हटलं दे.

आमच्यात सुतकात सोंग घेत नाय. तोंडाला रंग लावायचा नाय, झगा घालायचा नाय. मला ते ठाऊक व्हतं. पण जाऊ कुठं, सांगा तुमी. आमाला आणणाऱ्या बसमधी बसून काय करणार. तिकडं सगळे खोळंबलेले, आणि काम तरी काय, पडून ऱ्हायचं. मी कोणाला बोललो नाय. त्यांनी रंग लावला, कपाळाला खोटं रक्त, आणि फळ्यांवर झोपवलं. पहिला शॉट झाला. दुसऱ्याला म्हाताऱ्याने माझ्या कपाळावर हात ठेवला, आख्खा तळवा, ताप बघतात तसा. आणि मला काय ते धरवलं नाय. डोळ्यातनं पाणी, छातीच हलायला लागली. मेलेला माणूस रडतोय. डायरेक्टर ओरडला, कट. कोणीतरी हसलं पण.

म्हाताऱ्याने शाजीला हाक मारली, याला इचार काय झालं. मी सांगितलं. म्हाताऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला नि गेला. मंग नमाजाची आणि जेवणाची सुट्टी झाली, सगळे तंबूत. मी तिथंच बसून व्हतो फळ्यांच्या कडंला.

तर हा परत आला, शाजी मागं. राजाचा झगा तसाच अंगावर. त्याने बूट काढले, मोजे काढले, हळूहळू फळ्यांवर चढला आणि मी पडलो व्हतो तिथं पडला. हात छातीवर, डोळे मिटलेले. शाजी म्हणला, तो म्हणतोय आता मेलेल्याचं काम मी करतो, तुला जे करायचं असतं ते कर, लोक जेवून येईपर्यंत.

पहिल्यांदा मला राग आला साहेब, खरं सांगतो. म्हटलं चेष्टा करतोय काय. पण बघितलं तर त्याचा श्वास दिसत नव्हता. पोट हलत नव्हतं. उघडे पाय, टाचा फुटलेल्या, नखं जाड झालेली, म्हाताऱ्या माणसाचे असतात तसे. माझ्या बापसाचे पण असेच. मी पायाला हात लावला आणि मंग मला काय सुधरलं नाय. आमच्यात तोंडात पाणी सोडतात, वर तुळशीचं पान ठेवतात. तुळस वाळवंटात कुठली. त्याच्या चहाचा ग्लास तिथंच व्हता, त्यातलं पुदिन्याचं पान घेतलं, बाटलीतलं पाणी बोटाने त्याच्या ओठावर सोडलं, पान ठेवलं, आणि म्हटलं बाबा, मी आलो. मोठ्याने रडलो. शाजी लांब जाऊन उभा ऱ्हायला, तोंड फिरवून. म्हातारा हलला नाय. मी उठेपर्यंत हलला नाय, पापणी सुद्धा नाय. मंग उठला, ओठावरचं पान हळूच काढून झग्याच्या खिशात ठेवलं, बूट घातले, आणि म्हणला यल्ला, म्हंजे चला. दुपारी परत शॉट झाला, मी पडलो, कोरडा. तो रडला. तोच शॉट सिनेमात हाय.

पुढल्या शिमग्याला आमच्या घरचा संकासूर सुरेश नाचला, मान त्यांच्याकडं गेला. आयस म्हणली बरा नाचला. सिनेमा जेद्दाला मॉलमधी बघितला, माझा हात दिसतो, मनगटापर्यंत. आयशीला मोबाइलवर दाखवला, तिने हात ओळखला नाय, पण म्हणली तो म्हातारा खरं रडतोय रे, कोण हाय तो?

अलीकडं शाजीचा मेसेज आला, म्हातारा गेला. मी कामावरनं आलेलो, कॅम्पच्या बाथरूमला गेलो नि डोक्यावरनं पाणी घेतलं, आमच्यात घरचं कोण गेलं की घेतात तसं. रूममधला बिहारचा पोरगा इचारायला लागला, कौन गया भाई. म्हटलं बाप. तो म्हणला, वो तो पहले ही गया था ना. म्हटलं हां, वो भी.

आता शिमगा आलाय, शटडाऊन पण आलंय. दोघं जिथं असतील तिथं त्यांच्या गुडघ्यांना आराम असू दे. तुमी लिवा साहेब, मला उद्या पहाटे वर चढायचंय.