विहीणबाईंच्या बांगड्या आणि माझी घासणी

माझे डोळे ठणठणीत आहेत हो! त्या समोरच्या भिंतीवरची माशी दिसतेय मला, आणि ती पाय चोळतेय तेही दिसतंय... तरी आणून बसवलंय डोळ्यांच्या दवाखान्यात! सून तिकडे खिडकीपाशी माझं नाव लिहून देतेय, तोवर तुम्हाला सांगते. तुम्ही अनोळखी, उठून आपापल्या घरी जाल. घरच्यांना सांगायची सोय नाही.

सगळं झालं या हातांमुळे. काळं दिसलं की घासायचं! कढईचं बूड, नळाची तोटी, दाराची कडी, आमच्या ह्यांचं दाढीचं भांडं, सगळं आरशासारखं. कुणी शिकवलं? कुणी नाही. मी कुणाला विचारत नाही!

तर सुनेची आई राहायला आली. बाई साधी हो, कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण हातातल्या त्या सोन्याच्या दोन बांगड्यांचे लाड काय सांगू! हात धुवायचे, बांगड्या काढ. पीठ मळायचं, बांगड्या काढ. अत्तर लावायचं तर आधी अत्तर, ते वाळेपर्यंत फुंकर, मग बांगड्या! रात्री मऊ फडक्यानं पुसून, एकीला दुसरी घासू नये म्हणून दोन वेगळ्या पिशव्यांत निजवायच्या... पोटच्या पोरांना मी असं निजवलं नाही! मला वाटलं, तोरा. माझ्या हातात काचेच्या, म्हणून मला दाखवतेय. मग माझी जीभ गप्प बसते होय? जेवताना सगळ्यांदेखत म्हटलं, "विहीणबाई, सोनं आहे की साखर? पाण्यात विरघळतं वाटतं!" मुलगा हसला, सून हसली. विहीणबाईही हसल्या, पण जरा उशिरा. ते उशिरा हसणं मला तेव्हाच दिसायला हवं होतं. नाही दिसलं. एवढे ठणठणीत डोळे माझे!

परवा त्या आंघोळीला गेल्या. बांगड्या खिडकीत. नक्षीत बारीक काळी रेघ. झालं, हात शिवशिवायला लागले! दाराला टकटक करून विचारता आलं असतं की नाही, "अहो, घासू का?" पण नाही. मी कुणाला विचारत नाही! भांड्यांची पावडर घेतली, वर लिंबू पिळलं, जुना दातांचा ब्रश फिरवला, त्यानं भागेना तर तारेची घासणी! मी घासतेय, घासतेय, पाणी मळकं येतंय, आणि मी आपली म्हणतेय, "बघा केवढा मळ! नुसतेच लाड!" धुतल्या, उजेडात धरल्या...

सोनं गेलेलं. आतून तांबं. लालेलाल!

आणि दारात विहीणबाई, डोक्याला टॉवेल. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं हो, ओरडणाऱ्या माणसाशी मला बोलता येतं. ही बाई मटकन खाली बसली आणि पुटपुटली, "खऱ्या कधीच मोडल्या. पोरीचे बाबा अंथरुणावर होते तेव्हा. तिला कळलं असतं तर कॉलेज सोडून घरी बसली असती... अजून माहीत नाही तिला. तुमच्या पाया पडते, सांगू नका."

माझ्या पाया! धरणी दुभंगली असती तर बरं, असं म्हणतात ना, तसं झालं मला. पण दुभंगतेय कशाला? उलट कुलपात किल्ली फिरली. सून! मागोमाग मुलगा.

"अगं आई, बांगड्यांना काय झालं?" सुनेनं तिच्या आईला विचारलं.

"मी केलं," म्हटलं. "फरशी धुवायचं ॲसिड ओतलं. लिंबाच्या रसाची बाटली समजून. दिसलंच नाही मला."

मुलगा म्हणतो, "पण आई, खरं सोनं असं जातं का?"

"तू सोनार आहेस? फरशी खातं ते, सोनं सोडेल होय!"

सून रडायला लागली, आजीच्या बांगड्या त्या म्हणून. आणि विहीणबाई! दाबून ठेवलेली वाफ सुटावी तशा उठल्या, बोट नाचवत, "खऱ्या सोन्याला असं करतात? साखर वाटली का तुम्हाला? विचारायचं तरी!" अहो, निम्मं नाटक होतं, पण निम्मं खरं होतं, मला कळत नाही होय? आणि मी, जिनं उभ्या जन्मात नवऱ्यापुढे मान तुकवली नाही, ती खाली बघत म्हणाले, "चुकलं माझं."

विहीणबाई म्हणाल्या, आमच्याच सोनाराकडे नेते, तो करेल नीट. बांगड्यांचं निभावलं. माझं कुठलं निभावतंय? आज सकाळी सून मुलाच्या कानात, "अहो, आईंची नजर गेली! उद्या जेवणात काय ओततील!" की आणलं इथे. मी ब्र काढला नाही. डोळे चांगले आहेत म्हणावं, तर ॲसिड खोटं. ॲसिड खोटं, तर सोनं खोटं. आणि त्या बाईनं इतकी वर्षं फडक्यानं पुसत जपलेलं सगळं माझ्या तोंडून बाहेर पडायचं... एकदा घासणीनं केलं तेवढं पुरे.

आली बघा सून, हळू बोला. आत अक्षरांचा तक्ता वाचायला लावतात म्हणे. अक्षरं मी दुकानांच्या पाट्या बघत बघत एकटीनं शिकले, एकही चुकत नाही माझं. आज मात्र सुनेदेखत 'ग'ला 'म' म्हणायचं, 'घ'ला 'ध' म्हणायचं... काय करता? चष्मा लागलाच पाहिजे मला. आणि तोही चांगला जाड!