खरेदीच्या खालची चौकट

तपासणी : हात काढा त्या कोण-कुणाच्या-हाताखालीच्या तक्त्यावरून, रचनाराव. झाकून काय ठेवताय?

रचना : ताई, बाईंची सही व्हायचीय अजून. सहीआधी दाखवता येत नाही.

तपासणी : तो संगणक कार्यालयवाला तर जिन्यात सांगत सुटलाय, ‘मी थेट सचिवबाईंच्या हाताखाली!’ त्याला दाखवलात. मीच तेवढी सावत्र?

रचना : बसा तरी. तुम्ही उभ्या राहिलात की मला धाप लागते.

तपासणी : धाप मला लागलीय. सहा मजले चढून आलेय. लिफ्ट बंद, आणि तिच्या देखभालीचं बिल मात्र दर महिन्याला बिनबोभाट पास. तेच तपासतेय सध्या. सरका... ही माझी चौकट?

रचना : हो.

तपासणी : खरेदीच्या खाली?

रचना : ती रेघ फक्त कामकाजापुरती आहे, ताई.

तपासणी : लिफ्टचं कंत्राट दिलं खरेदीनं. ते तपासणार मी. आणि माझा साहेब कोण, तर खरेदी! अख्ख्या सरकारच्या खर्चाला शिस्त लावणारं आपलं वित्त खातं, आणि घरातच चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या?

रचना : हळू बोला. भिंती प्लायवुडच्या आहेत.

तपासणी : ऐकू दे प्लायवुडला.

रचना : माझंही ऐका ना. अंतर्गत कारभाराची अकरा कार्यालयं, आणि सगळी ऊठसूट बाईंच्या दारात. पंखा बिघडला तरी फाईल बाईंकडे. त्या वैतागल्या. म्हणाल्या, माझ्या हाताखाली पाचच ठेवा, बाकीची त्यांच्या पोटात घाला.

तपासणी : पाच कोण?

रचना : आस्थापना, विधी, संगणक, खरेदी...

तपासणी : पुढं?

रचना : पाचवं... छोटंसंच आहे.

तपासणी : बोला की. पाचव्याचं नाव घ्यायला लाजताय का?

रचना : रचना.

तपासणी : म्हणजे तुम्ही.

रचना : म्हणजे कार्यालय. या खात्यात माणसाला त्याच्या कार्यालयाच्या नावानंच हाक मारतात, त्याला मी काय करू? बायको विचारते, दुपारी जेवायला कोण होतं? मी सांगतो, विधी होती, संगणक होता. तिनं आता विचारणंच सोडलंय.

तपासणी : विषय बदलू नका. तीन माणसं आणि एक प्रिंटर, एवढा तुमचा संसार. त्याला थेट बाई कशाला हव्यात?

रचना : कारण याआधी मी खरेदीसाहेबांच्या हाताखाली होतो.

तपासणी : ते मला ठाऊक आहे.

रचना : ठाऊक नाही. रजेचा अर्ज दिला की म्हणायचे, ‘बघू.’ वडील दवाखान्यात होते, तेव्हाही ‘बघू.’ रोज केबिनबाहेर उभा राहायचो. शेवटी त्यांनी बघितलं, तोवर वडील गेले होते. पुन्हा त्या दाराशी उभं राहायचं नाही, ताई. मला बाकी काही नको.

(दार न वाजवता खरेदी आत येतो.)

खरेदी : अरे वा, मंडळ जमलंय! तपासणीबाई, आता तुम्ही आमच्या घरच्या झालात बरं का.

तपासणी : कुणी सांगितलं?

खरेदी : अहो, वाऱ्यानं. आता घरच्या माणसाला म्हणून सांगतो, तो लिफ्टचा अहवाल आधी माझ्याकडे येऊ दे. एक नजर टाकतो, मग जाईल वर. घाई कसली?

तपासणी : तुमच्याच कामाचा अहवाल, तुम्हालाच विचारून?

खरेदी : मी कोण सांगणारा? तक्ता सांगतो. तुमच्या कामाचा वार्षिक शेराही आता मीच लिहिणार. छानच लिहीन हो! तोंड असं का केलंत? आणि तू रे, शहाणा झालास. कोपऱ्यातली दोन खिडक्यांची खोली तुला. जागावाटप माझ्याकडेच आहे.

रचना : मी मागितली नव्हती, साहेब.

खरेदी : न मागता देतो, तो मी. चल, बाई बैठकीतून बाहेर यायच्या आत पाठवून टाक. येतो मंडळी!

तपासणी : गेले. शीळ घालत गेले.

रचना : हं.

तपासणी : खोलीचं आधीच ठरलं होतं?

रचना : आईशपथ, आत्ताच ऐकलं.

तपासणी : आणि अहवालाचं? तेही ऐकलंत ना?

रचना : ऐकलं हो. पण तुम्हाला वर नेलं तर सहा होतात. बाई बोट ठेवून मोजतात. कुणीतरी एकानं खाली यायला हवं. आस्थापनेत माणसं शेकडो, तिला हलवता येत नाही. विधी, संगणक बाईंनी स्वतः निवडलेत.

तपासणी : मग उरलं कोण?

रचना : माहीत असून विचारताय.

तपासणी : आस्थापनेखाली जा की. ती बाई जीव लावणारी आहे.

रचना : बाईंच्या टिपणीत स्पष्ट आहे. रचना थेट त्यांच्याकडे नसेल, तर जागावाटप जिथं, तिथं.

तपासणी : म्हणजे खरेदीकडे.

रचना : निवृत्तीपर्यंत.

तपासणी : राहू द्या मग. मीच बाईंना भेटते, समोरासमोर सांगते.

रचना : त्या आज दिवसभर बैठकीत आहेत. बाहेर आल्या की पहिली सही यावरच. आणि सहीनंतर त्यांना भेटायचं, तर अर्ज खरेदीमार्फत.

तपासणी : तुम्हीच बांधलंत हे?

रचना : बांधलं मीच. पक्कं बांधलंय. तेच तर... जरा सरका ताई, स्क्रीन दिसत नाहीये.

तपासणी : काय करताय?

रचना : तुमची चौकट वर ओढतोय, माझी खाली.

तपासणी : थांबा. घरी एकदा बोला तरी.

रचना : बोललो तर होणार नाही.

तपासणी : मी ‘नको’ म्हणणार नाही हं, रचनाराव. म्हणायला हवं, पण तोंडातून निघत नाहीये.

रचना : नकाच म्हणू. अहवाल तेवढा पुरा करा.

तपासणी : उद्या तुमच्याच साहेबाच्या अंगावर जाईल तो. राग तुमच्यावर निघेल.

रचना : निघेल. ...गेला बघा. बाईंनाही गेला, सगळ्यांनाही गेला. आता मागं घेता येत नाही.

तपासणी : फोन वाजतोय.

रचना : वाजणारच.

तपासणी : मी घेऊ?

रचना : नको, माझाच आहे. ...हॅलो. हो साहेब, आत्ताच पाठवला. ...हो, तुम्ही बघताय तोच. ...नाही साहेब. चुकून नाही झालं.